अर्धा वाचलेला नकार: ख्रिस्ती ईश्वरविचारातील ‘आहे’ आणि ‘नाही’

१/
समाजमाध्यमांवर ख्रिस्ती धर्माविषयी दोन विधाने नेमाने फिरत असतात. पहिले असे की, ख्रिस्ती लोकांचा देव म्हणजे ढगांवर बसलेला पांढऱ्या दाढीचा म्हातारा. शब्दांपलीकडचे तत्त्व त्यांना कधी उमगलेच नाही. दुसरे असे की, ज्या मूठभर ख्रिस्ती गूढवाद्यांना ते उमगले त्यांनी ते उपनिषदांतून उचलले, आणि म्हणूनच चर्चने त्यांना चिरडले. दोन्ही विधाने मोठ्या आत्मविश्वासाने केली जातात. इतिहासाच्या कसोटीवर मात्र त्यांतले एकही टिकत नाही. हा धागा त्या दोहोंच्या विरोधात आहे.

२/
प्रथम संज्ञा पाहू. ईश्वराविषयी बोलण्याच्या दोन रीती ग्रीक ख्रिस्ती परंपरेने ओळखल्या. ‘तो चांगला आहे, ज्ञानी आहे, जीवन आहे’ असे म्हणत जाणे ही होकाराची रीत. तिला कॅटाफॅटिक म्हणतात. ‘तो दृश्य नाही, मोजता येण्याजोगा नाही, बुद्धीत मावणारा नाही’ असे म्हणत जाणे ही नकाराची रीत. तिला अपोफॅटिक म्हणतात. मराठी वाचकाला सगुण-निर्गुण ही जोडी लगेच आठवेल. आठवू द्या, पण तेवढ्यावर थांबू नका. ख्रिस्ती नकार ज्या भांडणात घडला, ते भांडण आपल्या ओळखीचे नाही.

३/
माझे म्हणणे थोडक्यात असे: ख्रिस्ती ईश्वरविद्येत नकार हा बंडखोरांचा चोरदरवाजा कधीच नव्हता. ‘देव आम्हांला पुरता कळला’ असे म्हणणाऱ्यांविरुद्ध खुद्द बिशपांनी भर सार्वजनिक वादात वापरलेला तो युक्तिवाद होता. आणि तो कधी एकटा चालला नाही. होकार बाजूला काढला, तर नकाराने नाकारायचे काय?

४/
चला चौथ्या शतकात. ३२५ साली निकाया येथील धर्मसभेने ठरवले की पुत्र आणि पिता एकाच तत्त्वाचे आहेत. वाद मिटला नाही. उलट अधिक तार्किक झाला. सिझिकसचा बिशप युनोमियस याने पुढे एक धारदार युक्तिवाद मांडला: देवाचे सार ‘अजात’ या एका शब्दात पूर्ण व्यक्त होते. तो कोणापासूनही जन्मलेला नाही, हेच त्याचे स्वरूप. पुत्र तर पित्यापासून जन्मलेला. म्हणजे दोघांचे सार वेगळे. एक नेमका शब्द सापडला, की देव व्याख्येत बसला आणि येशूचे देवत्वही निकालात निघाले.

५/
या युक्तिवादाला कॅपाडोकियातील बेसिलने ३६४ च्या सुमारास उत्तर दिले. त्याने शब्दाचाच गळा धरला. ‘अजात’ हा शब्द व्याकरणाने नकारार्थी आहे. देवाच्या ठायी काय नाही, एवढेच तो सांगतो. काय आहे, ते सांगत नाही. मग त्या शब्दाला साराची व्याख्या कसे म्हणायचे? नकाराचा वेष घेतलेला होकार बेसिलने असा उघडा पाडला. ही खूण लक्षात ठेवा: ‘नाही’ हा शब्द वापरणारा प्रत्येक जण नम्र असतोच असे नाही.

६/
मग देवाला दिलेली नावे व्यर्थ का? बेसिल नाही म्हणतो, आणि त्यासाठी धान्याचा दाखला देतो. तोच दाणा मागल्या मेहनतीचे फळ म्हणून पीक, पुढल्या पेरणीसाठी बियाणे आणि खाणाऱ्यासाठी अन्न. तिन्ही नावे खरी आहेत, तिन्ही वेगवेगळा अर्थ सांगतात, आणि तिन्हींपैकी एकही दाण्याचे सार संपवत नाही. देवाच्या नावांचेही तसेच. नावे आपल्या बुद्धीने घडवलेली असतात, म्हणून ती खोटी ठरत नाहीत आणि पूर्णही ठरत नाहीत.

७/
बेसिलचा धाकटा भाऊ, निसाचा ग्रेगरी, याने हा वाद पुढे नेला. मोशेच्या जीवनावर त्याने जे विवेचन लिहिले, त्यातला क्रम पाहण्यासारखा आहे. मोशेला देव प्रथम जळत्या झुडपाच्या उजेडात भेटतो, मग मेघात, आणि अखेर सिनाय पर्वतावरच्या अंधारात. वाट अंधाराकडून उजेडाकडे जात नाही, उलटी जाते. जसजशी ओळख वाढते, तसतसे कळत जाते की समोर आहे ते दृष्टीच्या आवाक्यातले नाही. हा अंधार अज्ञान्याचा नव्हे, पुष्कळ चालून आलेल्याचा आहे.

८/
हे सगळे मठातल्या चार भिंतींआड चालले होते, असे समजू नका. याच ग्रेगरीने त्या काळच्या कॉन्स्टँटिनोपलची मोठी मार्मिक तक्रार नोंदवली आहे. नाणे मोडून मागा, तर समोरचा जात-अजात यावर प्रवचन देतो. भाकरीचा भाव विचारा, तर पिता पुत्राहून थोर आहे असे उत्तर मिळते. स्नानगृह तयार आहे का म्हणून विचारा, तर पुत्र शून्यातून निर्माण झाला असे ऐकावे लागते. समाजमाध्यमे नव्हती, एवढाच काय तो फरक.

९/
आता या काळातला माझा सर्वांत आवडता दाखला. ३८० च्या सुमारास नाझियान्झसचा ग्रेगरी आपल्या ईश्वरविषयक भाषणांत देव अगम्य आहे हे ठासून सांगतो. पण तिथेच तो नकाराच्या आळसावरही कोरडा ओढतो. पाच दुणे किती, असे विचारल्यावर ‘दोन नाही, तीन नाही, वीस नाही, तीस नाही’ असे म्हणत राहणारा आणि दहा कधीच न सांगणारा माणूस त्याने उभा केला आहे. देव काय नाही याची नुसती यादी करणारा त्या माणसासारखाच. नकार हा मार्ग आहे. उत्तर टाळण्याची सबब नव्हे.

१०/
३८६-३८७ मध्ये अँटिओकमध्ये जॉन क्रिसोस्टमने युनोमियसच्या पंथाविरुद्ध देवाच्या अगम्यतेवर प्रवचनमालाच केली. श्रोते कोण? शहरातले सामान्य भाविक. त्याच्या नावाने ओळखली जाणारी उपासना आजही पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये होते. तिच्या मुख्य प्रार्थनेत देवाला अवर्णनीय, अचिंत्य, अदृश्य, अगम्य अशा अर्थाच्या विशेषणांनी हाक मारली जाते. नकार हा निवडक गूढवाद्यांचा खाजगी ठेवा असता, तर तो रविवारच्या प्रार्थनेत आलाच नसता.

११/
आता त्या लेखकाकडे, ज्याच्या नावावर हा सारा विषय ओळखला जातो. इसवी सन ५०० च्या आसपास, बहुधा सिरियात, कोणी एकाने ‘डायोनिसियस’ या नावाने ग्रंथ लिहिले. अथेन्समध्ये पौलाचे भाषण ऐकून ख्रिस्ती झालेल्या डायोनिसियसचा उल्लेख ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे. लेखकाने तोच आपण असल्याचा आव आणला. खरे नाव आजही अज्ञात आहे. नामांपलीकडच्या देवाविषयी लिहिणारा माणूस स्वतःचेही नाव पुसून गेला, हा योगायोग मजेचा खरा. पण त्यामागे प्रतिष्ठा उसनी घेण्याचा हिशेबही होता, हे विसरू नये.

१२/
त्याचे ‘ईश्वरी नामे’ हे पुस्तक तेरा प्रकरणांचे आहे: चांगुलपणा, अस्तित्व, जीवन, ज्ञान अशी एकेक नावे घेऊन सविस्तर होकार. ‘गूढ ईश्वरविद्या’ हे नकाराचे पुस्तक अवघ्या पाच छोट्या प्रकरणांचे. हा फरक का, हेही तो सांगतो: जितके वर चढावे, तितके शब्द आटत जातात. शेवटच्या प्रकरणात तो नकारांची रांग लावतो. देव अंधार नाही, प्रकाशही नाही. चूक नाही, सत्यही नाही. आपल्याला कळते त्या अर्थाने पितृत्व नाही, पुत्रत्वही नाही. आणि अखेरीस: तो प्रत्येक होकाराच्या पलीकडे आहे, प्रत्येक नकाराच्याही पलीकडे.

१३/
हे शेवटचे पाऊल लोक वाचतच नाहीत. डायोनिसियससाठी नकार ही होकाराची उलटी बाजू नाही. ‘देव चांगला नाही’ याचा अर्थ ‘देव वाईट आहे’ असा होत नाही. ‘चांगला’ हा आपला शब्द त्याला पुरत नाही, असा होतो. म्हणून नकारालाही शेवटी नकार द्यावा लागतो. नाही तर ‘अवर्णनीय’ हेच एक नवे वर्णन होऊन बसते आणि आपण युनोमियसच्या पंक्तीला जाऊन बसतो.

१४/
प्रतिमांविषयीचे त्याचे म्हणणे तर अधिकच अनपेक्षित आहे. पवित्र शास्त्रात देवासाठी सूर्य, प्रकाश अशा भव्य उपमा येतात, तशा सिंह, अस्वल, इतकेच काय किडा अशाही येतात. डायोनिसियस म्हणतो, या ओबडधोबड प्रतिमाच जास्त उपयोगाच्या. देवाला प्रकाश म्हटले, तर कोणी खरेच तसे मानून बसेल. किडा म्हटले, तर तसा गैरसमज कोणाचाच होणार नाही. पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्याचे चित्र दाखवून ख्रिस्ती धर्म निकालात काढणाऱ्यांना हा इशारा दीड हजार वर्षांपूर्वीच देऊन ठेवलेला आहे.

१५/
आता ‘उपनिषदांतून उचलले’ या दाव्याकडे. बृहदारण्यक उपनिषद यातल्या प्रत्येक ख्रिस्ती ग्रंथाहून कित्येक शतके जुने आहे, यात वाद नाही. पण आधी असणे आणि उगम असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उगम सिद्ध करायला दुवा लागतो. दाव्याच्या बाजूने दोन गोष्टी पुढे करता येतील. क्लेमेंट ऑफ अलेक्झांड्रियाने बुद्धाचा उल्लेख केला आहे. तसेच प्लोटिनस हा तत्त्वज्ञ पर्शियन आणि भारतीय विचारांच्या ओढीने २४३ साली सम्राट तिसऱ्या गॉर्डियनच्या मोहिमेत सामील झाला होता.

१६/
पण पुढची हकीकतही सांगावी लागते. ती मोहीम फसली, गॉर्डियन मारला गेला, प्लोटिनस कसाबसा अँटिओकला पोहोचला आणि तिथून रोमला गेला. भारतापर्यंत तो आलाच नाही. याउलट ग्रीक दुवा ग्रंथागणिक दाखवता येतो: प्लेटोचा ‘पार्मेनिडीझ’ हा संवाद, ज्यात ‘एक’ या तत्त्वाला नाव देता येत नाही आणि त्याविषयी बोलताही येत नाही असा निष्कर्ष येतो, मग त्यावर भाष्य करणारा, ४८५ साली वारलेला प्रोक्लस, आणि मग डायोनिसियस. प्रोक्लसचे हे ऋण १८९५ साली कोख आणि श्टिग्लमायर या दोन जर्मन अभ्यासकांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले.

१७/
म्हणून ‘चोरी’ हा शब्द वापरण्याआधी थांबावे. दोन संस्कृती स्वतंत्रपणे एकाच कड्याशी येऊन उभ्या राहिल्या, ही शक्यता चोरीच्या कथेपेक्षा कितीतरी रोमांचक आहे. शिवाय आपल्या ‘नेति नेति’ला मोठे ठरण्यासाठी कोणाच्या चोरीचा आधार लागत नाही. जो विचार स्वतःच्या पायावर उभा आहे, त्याला निर्यातीचे प्रमाणपत्र कशाला हवे?

१८/
आता ‘चर्चने चिरडले’ हा दावा. या पक्षाचा हुकमी साक्षीदार म्हणजे माइस्टर एकहार्ट. १३२९ मध्ये पोप बाविसाव्या जॉनच्या फर्मानाने त्याच्या २८ विधानांवर ठपका ठेवला. ‘देवाला चांगला म्हणणे म्हणजे पांढऱ्याला काळे म्हणण्यासारखे आहे’ अशा अर्थाचे विधान त्यांत होते. हे खरेच घडले. ते लपवण्याचे कारण नाही. पण एकहार्ट कोणी बाहेरचा बंडखोर नव्हता. तो डॉमिनिकन संघाचा वरिष्ठ पदाधिकारी होता, पॅरिस विद्यापीठात दोनदा अध्यापक होता. आणि ज्या डायोनिसियसच्या खांद्यावर तो उभा होता, तो त्याच चर्चमध्ये प्रेषितकालीन अधिकाराने वाचला जात होता.

१९/
एकहार्टच्या शंभरेक वर्षे आधी, १२१५ साली, चौथ्या लॅटरन धर्मसभेने अधिकृत सूत्रच घालून दिले होते: निर्माता आणि निर्मिती यांच्यात कितीही साम्य दाखवले, तरी त्याहून मोठे वेगळेपण मान्य करावेच लागते. नकार असा थेट धर्मसभेच्या ठरावात आला. पूर्वेकडे १३५१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या सभेने ग्रेगरी पालामासची शिकवण मान्य केली: देवाचे सार अगम्य, त्याच्या शक्तींचा अनुभव मात्र शक्य. १४४० मध्ये ‘विद्वान अज्ञान’ या नावाचा ग्रंथ लिहिणारा निकोलस ऑफ कुसा तर १४४८ मध्ये कार्डिनल झाला. चिरडण्याची ही रीत मोठी विलक्षण म्हणायची!

२०/
तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने या प्रश्नाला जे वळण दिले, तेही वाचण्यासारखे आहे. ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीझ म्हणत होता की देवाविषयी फक्त नकारच खरे. अक्वायनस स्वतः कबूल करतो की देव काय आहे ते आपल्याला कळत नाही, काय नाही तेवढेच कळते. तरीही तो मायमोनिडीझशी पूर्ण सहमत होत नाही. ‘देव चांगला आहे’ असे म्हणणाऱ्या भाविकाला ‘देव वाईट नाही’ यापेक्षा काहीतरी अधिक म्हणायचे असते, आणि ते अधिक काय, याचा हिशेब तत्त्वज्ञाने द्यायला हवा. होकाराची बाजू इथे अडाण्याची म्हणून उडवून लावलेली नाही.

२१/
होकार ख्रिस्ती धर्माला का सोडवत नाही, याचे कारण येशू. योहानाच्या शुभवर्तमानात एकाच वाक्यात दोन्ही गोष्टी येतात: देवाला कोणी कधी पाहिले नाही, आणि पुत्राने त्याला प्रकट केले. आठव्या शतकातला दमास्कसचा जॉन देवाचे स्वरूप अगम्य मानतो, आणि मूर्तिभंजनाच्या वादात तोच पवित्र चित्रांची जोरदार बाजू घेतो. तो म्हणतो, अदृश्य देवाचे चित्र काढता येत नाही; पण जो देह धारण करून माणसांत वावरला, त्याचे काढता येते. नकार आणि चित्र एकाच लेखणीत नांदतात. हे ज्याला विसंगत वाटते, त्याला हा धर्म अजून समजलेला नाही.

२२/
मराठीशी याचा संबंध आहे का? आहे, आणि तो होकाराच्या बाजूने आहे. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत रचले. ते १६१६ साली छापले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांसाठीचा हा ग्रंथ देवाला पिता, सर्वसमर्थ, स्वर्ग-पृथ्वीचा निर्माता अशा नावांनी आळवत सुरू होतो. आपल्याकडे ख्रिस्ती विचार मुख्यतः असा कथा-पुराणाच्या आणि प्रश्नोत्तरीच्या रूपाने आला. म्हणून ‘त्यांच्याकडे फक्त होकार आहे’ असे वाटणे समजण्यासारखे आहे. पण जे आपल्यापर्यंत पोहोचले, तेवढेच अस्तित्वात होते, असे मानणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभत नाही.

२३/
एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो मी टाळणार नाही. देव अगम्य आहे म्हणणाऱ्या याच चर्चने श्रद्धासूत्रे लिहिली आणि ती न मानणाऱ्यांना हद्दपार केले. ज्या युनोमियसविरुद्ध अगम्यतेचा झेंडा उभारला, त्याला निर्वासित केले गेले आणि ३९८ साली त्याचे ग्रंथ जाळण्याचा शाही हुकूम निघाला. डायोनिसियसने नामांपलीकडचा देव सांगितला, आणि स्वर्गापासून चर्चपर्यंत अधिकाराची उतरंड सांगणारा ‘हायरार्की’ हा शब्दही त्याच्याच ग्रंथांतून रूढ झाला. नकाराची भाषा सत्तेच्या हातात आली, की ती नम्र राहतेच असे नाही. पण या टीकेचे हत्यारही याच परंपरेत आहे. निकोलस ऑफ कुसा बजावतो की नकाराविना देवाची पूजा ही मूर्तिपूजा ठरते. अनंताला दिलेला मान एखाद्या निर्मित वस्तूला जातो. हा निकष सूत्रे लिहिणाऱ्या सत्तेलाही लावता येतो आणि लावलाच पाहिजे.

२४/
म्हणून पुढच्या वेळी ‘त्यांच्याकडे नव्हते’, ‘आपलेच उचलले’, ‘चर्चने दडपले’ असे काही समोर आले, तर तीन प्रश्न विचारा. हे कोणी लिहिले? कोणाविरुद्ध लिहिले? आणि त्याच लेखकाने शेजारच्या पानावर आणखी काय लिहिले? युनोमियसची चूक फक्त चौथ्या शतकातली नाही. एका नेटक्या शब्दात समोरच्याचा सारा धर्म कोंबून ‘कळला’ असे जाहीर करणे, ही तीच चूक आहे. ती आपण दुसऱ्यांच्या परंपरेबाबत करतो. आणि ‘नेति नेति’चे भिंतीवर लावायचे सुभाषित करून टाकतो, तेव्हा स्वतःच्याही.

धागा इथे पूर्ण झाला. मतभेद असतील तर जरूर मांडा, पण ग्रंथ आणि प्रकरण सांगून मांडा.